उघड होणें व उघडें पाडणें : दफ्तरांतील एका उपेक्षित विषयाची ओळख

शास्त्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला उभा आहे. इ. स. १८१८ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं गेला. किल्ल्याच्या नांवाविषयीं तेथें एक दंतकथा सांगतात ती अशी : तटाचे बुरूज बांधावे आणि ते ढासळावे, असें वारंवार होऊं लागलें; तेव्हां जयबा नांवाच्या एका माणसानें आपण होऊन आपला बळी देवविला, मग बांधकाम टिकलें आणि त्याचेंच नांव गडास मिळालें. त्याचें स्मारक आजहि किल्ल्यांत दाखवितात. दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु तींतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्याचें नांव गांव मोठ्यानें घेतें, त्याची आठवण कागदावांचूनहि टिकते. ज्याचें नांव गांव घेत नाहीं, त्यास कागद हाच एक आधार. आणि तो कागदच संग्राहकानें बाजूस टाकला, तर त्या माणसाचें या जगांत असणेंच पुसलें जातें.

अशा माणसांविषयीं प्रस्तुत लेख आहे. ज्यांचें प्रेम स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीवर जडतें ते समलिंगी स्त्रीपुरुष, आणि जन्मतः ठरविलेलें लिंग ज्यांना आपलें वाटत नाहीं ते तृतीयपंथी व पारलिंगी, हे सर्व यांत येतात. या दोन वर्गांची सरमिसळ करूं नये. पहिल्याचा प्रश्न प्रेमाचा, दुसऱ्याचा प्रश्न स्वतःच्या ओळखीचा. एकाविषयींचा कागद दुसऱ्याचा पुरावा होत नाहीं. मात्र दोघांच्याहि वाट्यास एक प्रसंग सारखाच येतो. आपण जे आहों तें चारचौघांत सांगावें, कीं जन्मभर झांकून ठेवावें? इंग्रजींत ज्यास ‘कमिंग आउट’ म्हणतात, त्यास मराठींत ‘उघड होणें’ हे शब्द पुरेसे आहेत. त्यांच्या अगदीं शेजारीं दुसरा एक प्रयोग आहे : ‘उघडें पाडणें’. पहिल्यांत कर्ता स्वतः बोलतो. दुसऱ्यांत दुसरे त्याच्याविषयीं बोलतात. या दोहोंतील अंतर कागदपत्रांच्या आधारें दाखवावें, आणि त्यांतून संग्राहकाचें कर्तव्य काय निघतें तें सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे.

दफ्तरांतील हक्कदार

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, हा विषय परदेशांतून आलेला व नवा आहे. महाराष्ट्राच्या दफ्तरांवरून ती समजूत टिकत नाहीं. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानें इ. स. १९८७ मध्यें ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध केला. मराठी राज्याच्या मुलुखांत हिजड्यांना ठराविक गांवांतून धान्य व पैसा मागण्याचे हक्क होते, कोठें कोठें जमिनीहि होत्या, आणि त्यांस राजसत्तेची मान्यता होती, हें त्यानें दाखवून दिलें आहे. ‘हिजडा’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो; तथापि त्या समाजांतील अनेकजण तोच शब्द अभिमानानें स्वतःस लावतात, आणि येथें तो त्याच अर्थानें योजिला आहे.

वतनाच्या कागदांचा अभ्यास करणाऱ्यांस यांत एक विशेष दिसेल. इतर वतनें रक्ताच्या किंवा दत्तकाच्या नात्यानें उतरतात. येथें परंपरा गुरूकडून चेल्याकडे जाते. म्हणजे वंश नसतांनाहि वारसा आहे, आणि राज्यकर्त्यांनीं तो मानलेला आहे. असा हक्कदार लपून राहूं शकत नाहीं. त्याच्या हक्काची हद्द ठरलेली, देणारीं गांवें ठरलेलीं, आणि पाटील-कुळकर्ण्यांस तो माहीत असलेला. त्याचें उघड असणें हाच त्याच्या हक्काचा पाया होता.

येथें अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. मान्यता आणि मान हीं दोन निराळीं आहेत. ज्यास हक्क दिला त्यास पंक्तीस घेतलें असा त्याचा अर्थ नव्हे. त्याच्या शापाचें भय ही त्या देण्यामागची एक बाजू होतीच. शिवाय हा हक्क एका विशिष्ट समाजाचा होता. घरांत राहून समलिंगी प्रेम करणाऱ्यास कोणी सनद दिली नव्हती. तरीसुद्धां एवढें खरें कीं, स्त्री व पुरुष या दोहोंत न बसणारा माणूस गांवाच्या व्यवहारांत धरला जात होता, आणि त्याची नोंद ठेवण्यास कारकुनास लाज वाटत नव्हती.

सभ्यतेचा नियम

ही लाज पुढें कायद्याच्या वाटेनें आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनी सरकारनें हिजड्यांच्या मागण्याच्या हक्कास पाठबळ देण्याचें नाकारलें. पूर्वींच्या राज्यानें तो दिलेला असो वा नसो. पुढें इ. स. १८५२ चा अकरावा कायदा आला. हा इनाम कमिशनचा कायदा आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्या देणगीच्या चालू राहण्यानें देशाच्या कायद्याचा किंवा सार्वजनिक सभ्यतेच्या नियमांचा भंग होतो, तीस संरक्षण नाहीं, असें कलम त्याच्या नियमांत होतें. इतर इनामदारांस विचारलें जाई कीं, तुमची सनद खरी कीं खोटी? या हक्कदारांच्या बाबतींत सनद खरी असणेंहि पुरेसें राहिलें नाहीं. कागदाऐवजीं माणूसच अमान्य ठरला.

त्यानंतर इ. स. १८६० चें दंडविधान झालें आणि १ जानेवारी १८६२ पासून तें अमलांत आलें. त्याच्या ३७७ व्या कलमानें ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ म्हटलेला संबंध जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरला. इ. स. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठीं होता. वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथें तो लागू झाला. त्यांत संशयितांची नांवें सरकारी पटावर चढवावयाचीं होतीं. पटावरील माणसानें स्त्रीवेष करून रस्त्यांत दिसणें किंवा नाचणें हा गुन्हा होता. त्यास मृत्युपत्र करण्याचा किंवा दत्तक घेण्याचा अधिकार नव्हता. निझामाच्या राज्यांत, ज्यांत त्या वेळीं मराठवाडाहि होता, अशाच प्रकारचा कायदा फसली १३२९ मध्यें, म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास, झाला. तो तेलंगणाच्या उच्च न्यायालयानें अखेर इ. स. २०२३ मध्यें रद्द ठरविला.

सनद आणि हा पट या दोन्हींत नांव लिहिलेलें आहे. पण सनदेंतील नांव हक्क सांगण्यासाठीं आहे आणि पटांतील नांव पाळत ठेवण्यासाठीं. एकच माणूस, दोन कागद. एकांत तो उघड आहे, दुसऱ्यांत तो उघडा पाडलेला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील दोन घराणीं आणि एक खटला

जयगडाहून किनाऱ्यानें उत्तरेकडे गेलें असतां दापोली तालुक्यांत मुरूड लागतें. तें रघुनाथ धोंडो कर्वे यांचें गांव. त्याच जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें डॉ. भीमराव आंबेडकर यांचें मूळ गांव. या दोघांची गांठ मुंबईच्या एका न्यायालयांत पडली, आणि तिचें कारण आमच्या विषयाशीं निगडित आहे.

कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक काढलें आणि इ. स. १९५३ मध्यें आपल्या मृत्यूपर्यंत तें चालविलें. संततिनियमनाच्या प्रचारापायीं त्यांची प्राध्यापकाची नोकरी तत्पूर्वींच गेली होती. मासिकांत वाचकांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं जात. घरांत, वैद्यापाशीं किंवा मित्रापाशींहि जें बोलतां येत नसे, तें लोक त्यांस लिहून विचारीत. इ. स. १९३१ मध्यें त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला होऊन दंड झाला. इ. स. १९३४ मध्यें दुसरा झाला. या वेळीं आक्षेप होता तो वाचकांस दिलेल्या उत्तरांवर, आणि त्या उत्तरांत समलिंगी संबंधांविषयींचें उत्तरहि होतें. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. लैंगिक विषयावर लिहिलें एवढ्यानें लिखाण अश्लील होत नाहीं. वाचकानें विचारलें तर शास्त्राच्या आधारें उत्तर दिलेंच पाहिजे. आणि हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांच्या मतें समलिंगी प्रवृत्ति कांहीं माणसांत स्वभावतःच असते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले. कर्व्यांस दोनशें रुपये दंड झाला.

या खटल्याचें महत्त्व निकालांत नाहीं. ज्या कोणा अनामिक वाचकानें पोष्टानें तो प्रश्न पाठविला, त्यानें आपल्या परीनें उघड होण्याचें पहिलें पाऊल टाकलें होतें. तें नांवावांचून होतें, शाईंत होतें आणि एकाच माणसाच्या विश्वासावर होतें. दंड संपादकास झाला, परंतु धाक त्या वाचकास बसावा हा त्याचा परिणाम होता. ‘समाजस्वास्थ्या’चे जुने अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं वाचकांच्या पत्रांचीं पानें विशेष जपावीं. समाजाच्या ज्या थराचीं आत्मवृत्तें नाहींत आणि बखरी नाहींत, त्याचा आवाज त्या पानांत आहे.

अलीगड, १९१० नव्हे, २०१०

पुढील पाऊणशें वर्षांत वाट हळूहळू मोकळी झाली. विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक इ. स. १९८१ मधील, त्याची नायिका स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. मुंबईंत अशोक राव कवी यांनीं इ. स. १९८६ मध्यें एका मासिकाच्या मुलाखतींत आपली समलिंगी ओळख स्वतःच्या नांवानें सांगितली, इ. स. १९९० मध्यें ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक काढलें आणि इ. स. १९९४ मध्यें ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापिला. पुण्यांत बिंदुमाधव खिरे यांनीं इ. स. २००२ मध्यें ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापून या विषयावर मराठींत सातत्यानें लिहिलें. इ. स. २०१२ मध्यें लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचें ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हें आत्मकथन आलें. शिवी म्हणून फेंकलेला शब्द लेखिकेनें स्वतःच पुस्तकाच्या कपाळीं लावला. २ जुलै २००९ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांपुरतें ३७७ वें कलम निष्प्रभ केलें होतें.

अशा काळांत एका मराठी प्राध्यापकाच्या बाबतींत जें घडलें तें सांगितल्यावांचून हा लेख अपुरा राहील. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगड मुस्लिम विद्यापीठांत मराठीचे प्राध्यापक व कवि होते. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या काव्यसंग्रहास इ. स. २००२ मध्यें महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्यें कांहीं माणसें परवानगीवांचून त्यांच्या राहत्या घरांत घुसलीं आणि त्यांच्या खासगी क्षणांचें चित्रीकरण केलें. विद्यापीठानें त्यांनाच निलंबित केलें. त्यांनीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली. १ एप्रिल २०१० रोजीं न्यायालयानें निलंबनास स्थगिति दिली आणि खासगीपणाचा त्यांचा अधिकार मानला. ७ एप्रिल रोजीं ते आपल्या खोलींत मृत आढळले. निवृत्तीस कांहीं महिनेच उरले होते.

सिरस यांनीं स्वतःस उघड केलें नव्हतें. त्यांना उघडें पाडण्यांत आलें. तरी त्यानंतर ते लपले नाहींत. आपलें नांव देऊन ते न्यायालयांत उभे राहिले. त्यांच्या मागें जे कागद राहिले त्यांत एका बाजूस निलंबनाचा हुकूम आहे, दुसऱ्या बाजूस न्यायालयाचा आदेश आहे, आणि या दोहोंहून वेगळ्या अशा त्यांच्या कविता आहेत. पुढील संशोधकानें या माणसाची ओळख कोणत्या कागदावरून करून घ्यावी, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. चित्रीकरण करणाऱ्यांनीं दिलेली ओळख ती त्यांची ओळख नव्हे.

कायदा बदलला, घर?

१५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस आपलें लिंग स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. ३७७ व्या कलमाविषयींचा दिल्लीचा निकाल ११ डिसेंबर २०१३ रोजीं उलटला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें प्रौढांच्या संमतीचे संबंध पुन्हां गुन्ह्यांतून वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें कलमच आलें नाहीं. समलिंगी विवाहास मान्यता देण्याचें मात्र न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नाकारलें.

कायद्याचा कागद बदलला म्हणून उंबरठ्याच्या आंतील व्यवहार बदलतोच असें नाहीं. मारहाण, कोंडून ठेवणें, बळजबरीचें लग्न, गुप्त गोष्ट फोडण्याची धमकी देऊन पैसे उकळणें, हे प्रकार थांबलेले नाहींत. प्रवृत्ति ‘बरी’ करण्याच्या नांवाखालीं उपचारहि केले जात. राष्ट्रीय वैद्यक आयोगास इ. स. २०२२ मध्यें अशा उपचारांस व्यावसायिक गैरवर्तन ठरवावें लागलें, यावरून त्यांचा प्रसार कळून येतो.

कोंकणच्या गांवीं या प्रश्नास आणखी एक कंगोरा आहे. येथील चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जातो आणि गणपतीस व शिमग्यास घरीं परततो. मुंबईच्या गर्दींत जो आपल्या मित्रमंडळींत उघडपणें वावरतो, तोच गाडी घाट उतरूं लागली कीं मनांतल्या मनांत स्वतःस आवरून घेऊं लागतो. वाडींत सगळे सगळ्यांस घराच्या नांवानिशीं ओळखतात; तेथें एकाचें उघड होणें म्हणजे साऱ्या घराचें होणें. म्हणून जयगडासारख्या गांवीं जो कोणी ओटीवर बसून हें बोलून दाखवील, त्याचें धैर्य शहरांतल्या मिरवणुकींत चालणाऱ्याहून रतिभरहि कमी नाहीं.

शिवाय मराठी भाषा या बाबतींत कोणास आडोसा देत नाहीं. इंग्रजींत ‘मी’ म्हणणाऱ्याचें लिंग क्रियापदावरून कळत नाहीं. आमच्या भाषेंत ‘मी येतों’ कीं ‘मी येतें’, हें ठरविल्यावांचून दारांतून पाऊल टाकतां येत नाहीं. पुरुष म्हणून वाढविलेली एखादी व्यक्ति प्रथम ‘मी येतें’ म्हणते, तेव्हां तिनें भाषण केलेलें नसतें कीं जाहीरनामा काढलेला नसतो. एक प्रत्यय बदललेला असतो. पण घरांतलीं भांडीं थांबतात तीं त्या प्रत्ययानें.

संग्राहकानें काय करावें

यावरून संशोधकांसाठीं तीन सूचना आम्ही करूं इच्छितों.

पहिली वाचनाची. मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, हें खरें. परंतु त्यामुळें क्रियापदाचें लिंगहि लेखकानें चुकविलें असेल असें धरून नक्कल करणाऱ्यानें तें ‘दुरुस्त’ करूं नये. ‘आली’ असेल तेथें ‘आली’च ठेवावें, आणि शंका टिपेंत लिहावी. एका व्यक्तीसाठीं एकाच कागदांत दोन लिंगें आलीं, तर तो लेखनदोष असूं शकेल, तसा पुरावाहि असूं शकेल. आणि दुरुस्तीनें तो कायमचा जातो.

दुसरी जतनाची. जुनें दफ्तर पाहण्यास एखाद्या घरीं गेलें असतां रुमाल सोडण्यापूर्वीं यजमान कांहीं कागद निवडून बाजूस ठेवतो, हा अनुभव प्रत्येक संग्राहकास आहे. ‘हें तुमच्या कामाचें नव्हे,’ असें तो म्हणतो. आणि पुढें वाळवीचें किंवा चुलीचें काम तेवढें उरतें. महजर व वतनपत्रें आम्हीं आग्रहानें मागून घेतलीं आणि दोन मित्रांचीं किंवा दोन मैत्रिणींचीं पत्रें आम्हींहि खासगी म्हणून सोडून दिलीं. इ. स. १८५२ च्या कायद्यानें खऱ्या सनदेस सभ्यतेचा नियम लावून बाद केलें. आम्ही खऱ्या पत्रांस तोच नियम लावीत असूं, तर त्या कायद्यास नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार काय? असा कागद यजमानानें जाळूं नये म्हणून त्याची समजूत घालावी. छापण्याची घाई नाहीं. पन्नास वर्षें मोहरबंद ठेवण्याच्या अटीवर मिळाला तरी स्वीकारावा.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि ती वरील दोहोंस मर्यादा घालणारी आहे. जें सांपडेल तें प्रसिद्ध करावें ही संशोधकाची वृत्ति असते. या विषयांत ती आवरली पाहिजे. जिवंत माणसाचें, किंवा ज्याचे जवळचे लोक हयात आहेत अशा माणसाचें रहस्य त्याच्या संमतीवांचून छापणें म्हणजे संशोधन नव्हे. तें परक्या घरांत चित्रीकरणाचें यंत्र घेऊन शिरणें होय. तसेंच केवळ तर्कानें एखाद्या ऐतिहासिक पुरुषास वा स्त्रीस अशा वर्गांत बसवूं नये. पुरावा असेल तर मात्र तो लपवूंहि नये. उघड होण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे. आमचें काम एवढेंच कीं, ज्यानें तो बजावला त्याचा कागद वाळवीपासून वांचवावा, आणि ज्यानें बजावला नाहीं त्याचा कागद बंद ठेवून वांचवावा.

जयबाचें नांव ज्या तटास लागलें तो तट समुद्राच्या वाऱ्यांत आजहि उभा आहे. जीं माणसें आज आपलें नांव आपण घेत आहेत त्यांच्याकडून कोणी बळी मागूं नये. त्यांचा कागद मात्र उद्यांच्या वाचकांच्या हातीं धड पोंचावा, इतकी व्यवस्था आमच्या संग्रहांतून झाली पाहिजे.